लाइट-केमोच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे: कॅन्सरच्या पेशंटने तोंड कसं जपावं

कॅन्सरचं निदान झालं की घरात दातांचा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, पैशांची जुळवाजुळव, मुंबईत राहायचं कुठे, सुट्टी कुणी काढायची, यातच सगळे गुंतलेले असतात आणि ते साहजिकही आहे. पण नेमक्या त्याच दहा-पंधरा दिवसांत दातांच्या डॉक्टरकडे एक फेरी झाली, तर पुढची काही वर्षं सोपी जातात. ती राहून गेली की नंतर तिची भरपाई होत नाही.

माझा सातारा जिल्ह्यात दातांचा दवाखाना आहे. प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एक काका दाढ दुखते म्हणून आले. खालची दाढ होती, हलत होती, मुळाशी पू होता. भूल दिली, दाढ काढली, पाच मिनिटांचं काम. तीन वर्षांपूर्वी जिभेच्या कॅन्सरसाठी लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतली आहे हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा खड्डा होता तसाच होता. तळाशी पिवळट, कोरडं हाड उघडं पडलेलं, आणि हिरडी त्याच्यावर चढायचं नाव घेत नव्हती. पुढे वर्षभर ड्रेसिंग आणि औषधं चालली, शेवटी जबड्याच्या हाडाचा तेवढा तुकडा मोठ्या हॉस्पिटलमध्ये काढावा लागला. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न हाच आहे: कधी लाइट घेतली आहे का, केमो चालू आहे का, हाडांचं इंजेक्शन घेता का?

आधी हे समजून घ्या

तोंड, जीभ, गाल, घसा यांच्या कॅन्सरला रेडिएशन देतात, त्यालाच पेशंट लाइट किंवा शेक म्हणतात. पूर्ण कोर्स साधारण ६० ते ७० ग्रे इतका असतो. ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. आठवड्याचे ५ दिवस, सहा-सात आठवडे, म्हणजे ३० ते ३५ वेळा मशीनखाली झोपावं लागतं. या किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाटेतल्या जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. हाड एरवी ठणठणीत दिसतं, चावताना काही जाणवत नाही. त्याला जखम झाली की मात्र ती भरून काढायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. खालच्या जबड्याला मुळातच रक्तपुरवठा कमी, त्यामुळे धोका तिथे जास्त. आणि हा धोका पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही संपत नाही.

दुसरं, लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दात धुते, आम्ल मारते, दाताला कॅल्शियम परत देते. लाळेच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की हे सगळं काम थांबतं.

केमोची गोष्ट वेगळी. कॅन्सर स्तनाचा असो नाहीतर रक्ताचा, केमोने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरतात. एखाद्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प बसलेला पू नेमका त्याच दिवसांत उसळतो. तोंडातलं इन्फेक्शन रक्तात गेलं की केमोचा पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो.

पहिली पायरी: उपचारांची तारीख कळली की त्याच आठवड्यात

कॅन्सरची फाइल घेऊन दातांच्या डॉक्टरकडे जा. जिथे उपचार घेताय तिथेच दंतविभाग असेल तर सर्वांत उत्तम. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. गावातला नेहमीचा डेंटिस्टही चालेल, पण त्याला तीन गोष्टी स्वच्छ सांगायच्या: उपचार कोणते, लाइट तोंडाच्या कुठल्या बाजूला, आणि सुरू कधी होणार. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेतलीत तर काम निम्मं सोपं होतं.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायलाच हवा. आरशात चांगला दिसणारा दात मुळाशी सडलेला असू शकतो.

आता सर्वांत अवघड निर्णय, कुठले दात काढायचे. भरून वाचणार नाहीत इतके किडलेले, मुळाशी पू असलेले, हिरड्यांच्या आजाराने हलणारे, नुसत्या मुळ्या उरलेले, आणि अर्धवट बाहेर आलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढ. लाइटच्या वाटेत येणारी खालची दाढ शंकास्पद असेल तर मी ती काढण्याच्या बाजूने असते. पण धडधाकट दात काढायचे नाहीत. एकेकाळी रेडिएशनच्या आधी सरसकट सगळे दात काढत असत. अजूनही कुणीतरी नातेवाईक ‘काढूनच टाका सगळे, कटकट नको’ म्हणतो. त्याचं ऐकू नका. चांगल्या दातांनी पेशंट जेवतो, वजन टिकवतो, आणि रेडिएशननंतर कवळी सहन होईलच असं नसतं.

दात काढायचे तर लाइट सुरू होण्याच्या आधी किमान दोन आठवडे, जमलं तर तीन. जखमेवर हिरडी चढायला तेवढा वेळ लागतो. लाइटच्या वेळी चेहरा स्थिर ठेवणारा मास्क बनवणं, स्कॅन, प्लॅनिंग यात हॉस्पिटलचे काही दिवस जातातच, ते वाया घालवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आधीच विचारा, ‘डॉक्टर, खराब दात त्याच भुलीत काढता येतील का?’ बऱ्याचदा येतात, आणि मग वेगळा दिवस लागत नाही. मात्र दातांसाठी कॅन्सरचे उपचार लांबवायचे की नाही, हे फक्त कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील.

एक सावधानता. गाठीच्या किंवा न भरणाऱ्या जखमेच्या शेजारचा दात हलत असेल, तर तो कुणाकडूनही पटकन उपटून घेऊ नका. कधीकधी दात हलतो तो गाठ हाडात शिरल्यामुळे. तिथे हात लावायचा का आणि कधी, हे सर्जनला ठरवू द्या.

उरलेलं काम एक-दोन फेऱ्यांत होतं: कीड भरणं, दात साफ करणं, जिभेला घासणाऱ्या टोकदार कडा गुळगुळीत करणं. याच वेळी दातांचं माप देऊन दोन पारदर्शक ट्रे बनवून घ्या. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

आणि मिश्री. आमच्या भागात अजून कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. कॅन्सर झाल्यावर तंबाखू सुटते, पण ‘मिश्रीने दात घट्ट राहतात’ म्हणून डबी तशीच राहते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालीच बंदी आली. मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते, ती घरच्यांनाच बंद करावी लागते. तिच्या जागी मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट द्या, आणि पहिले आठ दिवस शेजारी उभं राहून घासून घ्या. सवय मोडताना माणूस जवळ लागतं.

दुसरी पायरी: उपचार चालू असताना रोज

सकाळी एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा घाला. खायचा सोडा म्हणजे भज्यांत घालतो तो. बेकिंग पावडर नको, आणि कपडे धुण्याचा सोडा चुकूनही नको. हे पाणी दिवसभर पुरवायचं, दर दोन-तीन तासांनी चूळ भरून अर्धा मिनिट तोंडात खेळवायचं आणि थुंकायचं. उरलेलं रात्री ओतून द्या, सकाळी नवीन करा.

दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहून लाइट घेणाऱ्या एका मावशींच्या मुलाने त्यांच्या साध्या मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावून दिला होता. बाटलीला त्यांनी रबरबँड लावलं होतं. दुपारच्या जेवणाआधी पाणी रबरबँडच्या खाली गेलंच पाहिजे, असा त्यांचा हिशोब. सहा आठवड्यांनी त्या मला दाखवायला आल्या, तेव्हा जिभेच्या कडेला फोड होते, पण तोंड स्वच्छ होतं आणि त्या मऊ भात खात होत्या.

ब्रश अगदी मऊ घ्या. झोंबत असेल तर घासण्याआधी कोमट पाण्यात बुडवा, केस आणखी मऊ पडतात. पुदिन्याची पेस्ट जळजळत असेल तर लहान मुलांची फ्लोराइडवाली पेस्ट वापरा. फोड आले म्हणून ब्रश बंद करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दोन दिवस जमलंच नाही तर मऊ गॉज मिठाच्या पाण्यात भिजवून दात पुसा, पण परत ब्रशवर या.

लाइटमध्ये साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होतं, मग पांढरट चट्टे आणि फोड येतात. केमोत ते डोसनंतर पाच ते दहा दिवसांत दिसतात. त्या दिवसांत काय टाळायचं: अल्कोहोल असलेले माउथवॉश, लवंगेचं तेल, राखुंडी, कडुनिंबाची काडी, तिखट, आंबट ताक, लिंबू, टोमॅटोचं सार, कुरकुरीत चिवडा आणि कढत चहा. काय द्यायचं: मऊ वरणभात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची पेज, ताजं गोड दही, उकडलेलं अंडं कुस्करून, पेजेत तूप. सगळं कोमट किंवा गार. दुखणं सहन करत उपाशी राहू नका. बधिर करणारं जेल आणि बेंझिडॅमिनचं चूळ भरायचं औषध यांबद्दल डॉक्टरांना विचारा. वेदना कमी करणं हा उपचारांचाच भाग आहे, मागायला संकोच नको.

बर्फाबद्दल नेहमी विचारतात. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शिरेतून एकदम दिलं जात असेल, तर डोसच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फ चघळल्याने फोड कमी येतात. पण ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध चालू असेल तर बर्फाला हात लावायचा नाही, त्या औषधाने थंड वस्तू घशात आणि बोटांत टोचते. दोन्ही औषधं बऱ्याचदा एकत्र दिली जातात, म्हणून नर्सला आधी विचारा.

मध? लाइटच्या काळात मधाने फोड कमी होतात असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण मध म्हणजे साखरच, आणि लाळ आटलेल्या तोंडात साखर दातांना घातक. डायबेटिस असेल तर विषयच नको. घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि लगेच चूळ भरून.

जिभेवर, टाळ्यावर खरवडल्यास निघणारे पांढरे ठिपके किंवा ओठांच्या कोपऱ्याला चिरा दिसल्या तर ती बुरशी आहे. औषधाने लवकर बरी होते, लपवू नका. कवळी असेल तर फोड असेपर्यंत फक्त जेवणापुरती, आणि रात्री नेहमी काढून ठेवायची.

केमोच्या काळात दातांचं काही करायचं झालं तर आधी रक्ताचा सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी. प्लेटलेट्स साधारण ५०,००० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली असतील तर दाढ काढायला बसवू नका. सोयीची वेळ म्हणजे पुढच्या डोसच्या दोन-तीन दिवस आधी, तेव्हा काउंट वर आलेले असतात. तोंडात फोड आणि ३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोनलासुद्धा हॉस्पिटलला निघा.

तिसरी पायरी: तोंड उघडण्याचा व्यायाम

स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन जात असतील तर ठीक, दोनच जात असतील तर जबडा आखडतो आहे. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडतं, त्यावर ऑपरेशन आणि लाइट आली की आणखी आवळतं. तोंडच उघडलं नाही तर ब्रश आत जात नाही आणि आम्हालाही दाढेपर्यंत पोचता येत नाही.

यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या पुरतात. जितक्या सहज जातात तितक्या एकावर एक रचून दातांत धरा, अर्धा मिनिट थांबा, मग हळूच मधे एक काडी सरकवा. दिवसातून पाच-सहा वेळा करा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. किती काड्या गेल्या ते कॅलेंडरवर लिहा. लाइट चालू असतानाच सुरू करा आणि नंतरही निदान वर्षभर सोडू नका, कारण आखडणं उपचार संपल्यावर हळूहळू वाढतं. ऑपरेशन झालं असेल तर कधीपासून करायचं ते सर्जनला विचारा.

चौथी पायरी: कोरडं तोंड आणि फ्लोराइड

इथे सर्वांत जास्त दात जातात, आणि तेही उपचार यशस्वी झाल्यावर, सगळे निश्चिंत असताना.

एक आजोबा लाइट संपल्यावर आठ महिन्यांनी आले. कॅन्सर पूर्ण बरा. पुढचे चार दात हिरडीलगत कापल्यासारखे मोडले होते, बाकीच्या दातांच्या मानेभोवती तपकिरी कडं. खिशात हात घालून त्यांनी कागदाची पुडी काढली: खडीसाखर. तोंड कोरडं पडतं म्हणून रात्री दोन-तीनदा उठून एक खडा चघळायचे. नातीने प्रेमाने डबा भरून ठेवला होता. लाळ असती तर तेवढी साखर धुऊन गेली असती. नव्हती, म्हणून प्रत्येक खडा अर्धा-अर्धा तास दातांवर बसून राहिला. या किडीची खूण हीच, ती एरवी कधी न किडणाऱ्या जागी लागते, दाताच्या मानेशी आणि चावायच्या टोकांवर.

म्हणून घरात खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या, ग्लुकोजचं पाणी, दिवसभर घोटघोट प्यायचं प्रोटीनचं गोड दूध, सगळ्याची वेळ ठरवा. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा आणि मग चूळ भरा. मधल्या वेळी फक्त साधं पाणी. बाटली उशाशी ठेवा, एकेक घोट घ्या. बिनसाखरेचं, शक्यतो झायलिटॉल असलेलं च्युइंगगम चालतं. कृत्रिम लाळ औषधाच्या दुकानात मिळते, रात्री झोपताना उपयोगी पडते. उरलेल्या ग्रंथींना चालना देणाऱ्या पायलोकार्पिनच्या गोळ्या आहेत, पण दमा किंवा हृदयविकार असेल तर जपून, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता ते ट्रे. रात्री ब्रश झाल्यावर ट्रेमध्ये १.१ टक्के सोडियम फ्लोराइडच्या न्यूट्रल जेलची बारीक रेघ ओढायची, दातांवर बसवायचे, पाच मिनिटं ठेवायचे. मग काढून थुंकायचं. चूळ भरायची नाही, आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. या जेलमध्ये सुमारे ५००० पीपीएम फ्लोराइड असतं, आपल्या बाजारातल्या साध्या पेस्टमध्ये १००० पर्यंत. फरक तिथेच आहे. जेल प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, डेंटिस्टकडून मागवून घ्या, आणि आम्लधर्मी जेल घेऊ नका, ती कोरड्या तोंडाला झोंबते. ट्रे जमलेच नाहीत तर ब्रशने लावा, अगदीच न करण्यापेक्षा ते चांगलं. शिवाय दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या.

‘किती दिवस करायचं?’ असं पेशंट विचारतात, आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं: लाळ परत येत नाही तोवर. तिशी-पस्तिशीतल्या पेशंटला हे ऐकणं जड जातं, मला सांगणंही. रोजची पाच मिनिटं आणि थोडा खर्च, पण त्यातूनच दाढ काढायची वेळ टळते.

हाडांचं इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी

स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला असेल, किंवा मायलोमा (हाडाच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर) असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिडचं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. त्यानेही जबड्याचं हाड उघडं पडून कुजू शकतं, लाइट न घेताही. पेशंट याला ‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ समजून आमच्याकडे सांगतच नाहीत. पहिलं इंजेक्शन घेण्याआधी दात तपासून घ्या, काढायचे ते काढून जखम भरू द्या. आधीच सुरू असेल तर मनाने बंद करू नका, डेंटिस्टला फक्त नाव सांगा. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे ठिसूळ हाडांसाठी, वर्षातून एकदा मिळणाऱ्या इंजेक्शनात हा धोका बराच कमी असतो, पण तेही सांगायचंच.

लहान मुलं

रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असताना मूल अचानक दाढा दुखतात म्हणून रडतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंच्या. तपासलं तर कीड नसते. तो औषधाचा नसेवरचा परिणाम असतो आणि हळूहळू जातो, दाढ कोरू देऊ नका. हलणारा दुधाचा दात बोटांनी ओढायला लावू नका, प्लेटलेट्स कमी असतील तर रक्त थांबत नाही.

उपचार संपल्यावर

पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी. दात दुखला तर काढण्याऐवजी रूट कॅनल. वरचा भाग मोडला असेल तर तो हिरडीपर्यंत कापून मूळ आत ठेवता येतं, हाडाला जखम होत नाही. काढण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर ते काम कॅन्सर हॉस्पिटलच्या दंतविभागात, रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून. नवीन कवळी त्यांच्या परवानगीशिवाय नको. हिरडीतून हाड टोचत असेल, खालचा ओठ बधिर झाला असेल किंवा तोंडाला नवा कुबट वास येत असेल, तर वेळ न घालवता दाखवा.

आणि एक जाड कागदाचा तुकडा आधार कार्डाशेजारी पाकिटात ठेवा. त्यावर पेशंटच्या मातृभाषेत आणि डॉक्टरला वाचता येईल अशा अक्षरात लिहा: कॅन्सर कुठला, लाइट कुठल्या बाजूला, किती ग्रे, कुठल्या महिन्यात संपली, हाडांचं इंजेक्शन चालू आहे का, कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन. खाली ठळक अक्षरात: ‘माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नका.’ दातांच्या खुर्चीवर बसायच्या आधी तो कागद हातात द्या, डॉक्टर नवीन असो वा वीस वर्षांच्या ओळखीचा.